जुनं पाणी

मासे शेवटी न्यायचे, असं मी म्हटलं.
वसुधाने यादीत तेच पहिलं लिहिलं होतं,
खाली दोनदा रेघ.

कर्वेनगरची आमची इमारत पाडणार.
तीन वर्षं उंड्रीत भाड्याने,
मग परत तिथेच, सातव्या मजल्यावर,
असं बिल्डरच्या कागदावर आहे.
कागदावर माशांचा उल्लेख नाही.

दोन दिवस त्यांना खायला दिलं नाही.
ते काचेपाशी येऊन तोंडं उघडत राहिले
आणि मी पाठ करून खोकी बांधत राहिलो.

सहाला नळ आला. सवयीने बादली लावली,
मग आठवलं, नवं नको, जुनं हवंय.
नळीचं टोक तोंडात धरून ओढलं.
पहिला घोट नेहमीसारखा आत गेला.
सोळा वर्षांत इतक्यांदा गेलाय
की खडकवासल्याचं पाणीच मला
थोडं माशांच्या चवीचं वाटतं.

नऊ बादल्या, रंगाचे दोन डबे.
एंजलची जोडी न भांडता आली.
निऑन मोजले, एकोणीस. पुन्हा मोजले, अठरा.
तिसऱ्यांदा मोजले नाहीत.
सकरमाउथ लाकूड सोडेना, लाकडासकट घेतला.
आणि लोच, वीतभर, काळ्या पट्ट्यांचा,
नचिकेत पाचवीत असताना आणलेला,
तेव्हा बोटाच्या पेराएवढा.
नचिकेतला आता दाढी आहे, हप्ते आहेत.
लोचला तेच एक लाकूड.

वसुधा आठ दिवस घासत होती.
बरण्या, पंख्याची पाती,
पाडायच्या घराच्या खिडक्यासुद्धा.
फिल्टरचा स्पंज तिने नळाखाली धरला आणि मी ओरडलो.
एकतीस वर्षांत इतक्या मोठ्याने तीनदाच ओरडलो असेन.
"अगं, घाण नाही ती. वस्ती आहे."
काळा, बुळबुळीत तुकडा.
त्यात राहणारे दिसत नाहीत.
माशांचं विष रोज पचवतात,
आणि कोरडे पडले की मरतात.
ती स्पंजाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "विरजण म्हण की सरळ."
आत गेली, स्वतःचा स्टीलचा डबा घेऊन आली,
झाकणाला फडकं बांधलेला.
"दोन्ही माझ्या मांडीवर दे."

छोटा हत्ती मुलाणींचा.
कात्रज-कोंढवा रस्त्याला प्रत्येक खड्ड्यात
मागून डचमळल्याचा आवाज,
त्याच्याही मागून हॉर्न.
मुलाणी वीसच्या वर गेले नाहीत.
"फ्रीज नेले, काच नेली, एकदा अख्खी वरात नेली.
शहरातलं पाणी उंड्रीला नेणारे तुम्ही पहिलेच."

इथे पाणी टँकरचं. बोअरचंही मिसळतात,
वॉचमनने कौतुकाने सांगितलं.
पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या,
दर दहा मिनिटांनी एक वाटी नवं जुन्यात.
दारात आलेल्याच्या पायावर पाणी घालायची आपली रीत,
ह्यांना पाय नाहीत, तेवढाच फरक.

लोच तळाशी गेला आणि आडवा पडला.
मुलाणी दारातच थांबले होते.
"गेला का?" त्यांनी हळूच विचारलं.
नाही, तो असाच झोपतो, मी म्हणालो,
आणि रात्रभर जागा राहिलो.

दही पहिल्या दिवशी लागलंच नाही.
दुसऱ्या दिवशी पातळ, तार सुटलेलं.
वसुधाने चाखलं, काही बोलली नाही,
त्यातलाच चमचाभर घेऊन पुन्हा लावलं.

चौथ्या रात्री वीज गेली.
पंप थांबला तेव्हा कळलं
नव्या घराचा स्वतःचा आवाज काहीच नाही.
बॅटरी शोधायला उठलो
तर अंधारातून, टाकीच्या कोपऱ्यातून, टक.
लोच काही सापडलं की तसं वाजवतो.
थोड्या वेळाने पुन्हा, टक.

"नळ गळतोय," वसुधा झोपेत म्हणाली.
गळू दे, म्हटलं.